जुन्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमला तडा गेलाय? ती दुरुस्त करणारा नेमका माणूस कसा शोधायचा

सायकल पुसताना फडक्याचा धागा कुठेतरी अडकतो, वाकून बघावं तर रंगावर केसाएवढी रेघ दिसते, आणि पोटात गोळा येतो. ज्याने एखादी जुनी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम जिवापाड जपलीय त्यालाच तो गोळा कळेल. माझ्या बाबतीत हे घडलं तेव्हा मी दोन मोठ्या चुका केल्या आणि मग बरेच महिने शोधाशोध करून योग्य माणसापर्यंत पोचलो, त्यातून जे शिकलो ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी, सायकल चालवणं आजच्या आज थांबवा. हळू चालवतो, जवळच जातो, असलं काही मनात आणू नका. स्टीलला एक ठराविक ताणाची मर्यादा असते, तिच्या खाली राहिलं तर ते वर्षानुवर्षं टिकू शकतं, अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, लहान लहान धक्के पण हिशोबात जमा होत राहतात आणि एकदा तडा सुरू झाला की प्रत्येक पॅडलबरोबर तो थोडा थोडा पुढे सरकतो. आणि शेवटचा टप्पा फार पटकन होतो, सूचना वगैरे न देता. हेड ट्यूबजवळचा (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीजवळचा) तडा असेल तर पुढचं चाकच निघून गेल्यासारखं होतं, त्यामुळे तिथे तर अजिबात धोका पत्करू नका.

आता तो खरंच तडा आहे का हे बघा, कारण कधी कधी फक्त रंग किंवा लॅकर फुटलेलं असतं. जागा साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, अंधारात टॉर्च ट्यूबला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा आणि नख आडवं फिरवा. रंगाची भेग साधारण वेडीवाकडी असते, कडेला रंगाचे कपचे निघतात. धातूचा तडा बारीक, धारदार, आणि बऱ्याचदा त्याच्या तोंडाशी काळपट राखाडी पावडर दिसते, पुसली तरी थोड्या राइडनंतर परत येते, ती म्हणजे दोन कडा एकमेकींवर घासून निघालेली अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. माझ्या फ्रेमवर ही काळी रेघ कित्येक आठवडे होती आणि मी ती चेनचं ग्रीस समजून पुसत राहिलो, ही पहिली चूक. शंका असेल तर डाय पेनिट्रंटचा तीन स्प्रेचा सेट मिळतो, क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. त्या जागेवरचा रंग हलक्या हाताने काढायचा, क्लीनरने पुसायचं, लाल डाय मारून डब्यावर लिहिलेला वेळ तसाच ठेवायचा, मग क्लीनर कापडावर घेऊन वरचा डाय पुसायचा (थेट फवारायचा नाही, नाहीतर भेगेतला डाय पण धुवून निघतो) आणि डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटते. ती कुठे संपते तिथे दोन्ही टोकांना मार्करने खूण करा आणि फोटो काढा, पुढे कारागिराशी बोलताना हाच फोटो सगळ्यात कामाचा ठरतो. रंग काढायला सॅंडब्लास्टिंग करू नका, त्याने भेगेचं तोंड लिंपल्यासारखं बंद होतं आणि मग डायलाही काही सापडत नाही, आणि कॉस्टिकवालं स्ट्रिपर तर नकोच नको, ते अ‍ॅल्युमिनियम खातं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. तडा सीट ट्यूबला (सीटखालच्या उभ्या नळीला) होता, वरच्या खाचेच्या खाली, मी फ्रेम घेऊन एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो, त्याने दहा मिनिटांत वेल्ड मारून दिला, वरून ग्राइंडरने गुळगुळीत पण केला, मला वाटलं झालं काम. दोन महिन्यात वेल्डच्या अगदी शेजारी, जेमतेम चार मिमीवर, नवीन तडा. वेल्ड जसाच्या तसा आणि त्याच्या बाजूचा धातू फाटलेला. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, मी त्याला धड काही सांगितलंच नव्हतं आणि त्यानेही काही विचारलं नाही. नंतर कळलं की असं होणं जवळपास ठरलेलंच होतं. ६०६१ सारखा अ‍ॅलॉय (अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, त्यांना असे नंबर असतात) टी-६ स्थितीत, म्हणजे भट्टीत कडक केलेला असतो तेव्हा त्याची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यातली ती ताकद निघून जाते. मूळ यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) साधारण २७५ मेगापास्कल असते ती त्या पट्ट्यात निम्म्याच्याही खाली येऊ शकते. म्हणजे आपण भेग बुजवतो आणि तिच्या कडेला एक मऊ कडं तयार करून ठेवतो, आणि वेल्डचा उंचवटा ग्राइंड केला की तिथली जाडीही कमी होते.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की ज्याला वेल्डिंग येतं असा माणूस शोधू नका, जो आधी विचारेल की फ्रेम कोणती, कोणत्या अ‍ॅलॉयची, जोडली कशी आहे, आणि गरज पडली तर नाही म्हणेल, असा माणूस शोधा. पण त्याच्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे हवीत ना, त्यामुळे आधी थोडा अभ्यास आपला.

जुन्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेम सगळ्या वेल्ड केलेल्या नसतात, इथेच बरेच जण गंडतात. इटलीच्या अलान कंपनीने १९७२ पासून ट्यूबना आटे पाडून लगमध्ये (ट्यूब जोडणाऱ्या धातूच्या बाहीत) फिरवून वर चिकटवून फ्रेम बनवल्या, फ्रान्सची व्हिटस ९७९ ही तर चिकटवलेलीच, आयर्लंडचा रेसर शॉन केली ८० च्या दशकात याच फ्रेमवर केवढ्या रेस जिंकला. ट्रेकनेही ८० च्या दशकात चिकटवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेम काढल्या, आणि रॅलेच्या टेक्नियममध्ये पुढच्या मुख्य ट्यूब अ‍ॅल्युमिनियमच्या आणि मागचा त्रिकोण स्टीलचा असा जोड होता. याउलट गॅरी क्लाइनच्या फ्रेम आणि १९८३ पासूनच्या कॅननडेलच्या, या जाड व्यासाच्या ट्यूबच्या, वेल्ड केलेल्या. ओळखायचं कसं, तर जोडाजवळ माशाच्या खवल्यासारखा वेल्ड दिसतो का बघा (क्लाइन आणि कॅननडेलमध्ये तो घासून गुळगुळीत केलेला असतो, तरी तिथे एक गोलाई जाणवते), की ट्यूब लगमध्ये शिरताना एक स्वच्छ गोल कडा दिसते. चिकटवलेल्या फ्रेमवर नेमकी त्या कडेला गोल रेघ उमटली असेल तर बहुतेक वेळा धातू फुटलेलाच नसतो, गोंद सुटलेला असतो. लगमध्ये ट्यूब किंचित फिरते का, जोर दिल्यावर कटकट आवाज येतो का बघा. अशा जोडावर चुकूनही वेल्ड मारू देऊ नका, उष्णतेने शेजारचे चांगले जोडसुद्धा सुटतील, आणि आत बंद राहिलेल्या गोंदाच्या धुराने वेल्डही स्पंजसारखा होईल.

मग अ‍ॅलॉय. सीट ट्यूबवर स्टिकर असेल तर काम सोपं. ६०६१ असेल तर वेल्ड होतो पण पूर्ण ताकद परत हवी असेल तर वेल्डनंतर पूर्ण हीट ट्रीटमेंट लागते, म्हणजे सुमारे ५३० अंशाला भट्टीत तापवून लगेच थंड करणं आणि मग १६० ते १७५ अंशाच्या आसपास कित्येक तास ठेवून एजिंग. ७००५ ला ते ५३० अंशाचं प्रकरण लागत नाही, एजिंगवर भागतं, म्हणून दुरुस्तीला हा जरा मायाळू अ‍ॅलॉय. ७०७५ आणि २०२४ यांना नेहमीचं वेल्डिंग चालतच नाही, थंड होतानाच तडकतात, कोणी हो म्हणालं तरी तुम्ही नाही म्हणा. स्टिकर नसेल तर अंदाज लावत बसू नका, धातू तपासणाऱ्या लॅबकडे आणि मोठ्या भंगार व्यापाऱ्यांकडे हातात धरायची एक्सआरएफ गन असते, रंग खरवडलेल्या जागेवर काही सेकंद धरली की जस्त किती, तांबं किती हे दिसतं. जस्त भरपूर पण तांबं जवळपास नाही, तर ७००५ च्या बाजूचं, जस्ताबरोबर तांबंही दिसलं तर ७०७५, दोन्ही नगण्य तर ६०६१ किंवा तसलं काही. एवढी एक चाचणी केली तरी पुढचं संभाषण एकदम वेगळ्या पातळीवर जातं.

आता शोधायचं कुठे. सगळ्यांच्या डोक्यात पहिला येतो फ्रेम बिल्डर, पण बहुतेक फ्रेम बिल्डर स्टीलवाले असतात, स्टीलचं ब्रेझिंग (पितळेसारखा दुसरा धातू वितळवून जोडणं) ही वेगळी विद्या आहे, अ‍ॅल्युमिनियम ते करतीलच असं नाही. तरी त्यांना विचारा, कारण स्वतः करत नसले तरी आपलं काम कोणाकडे पाठवतात हे ते सांगतात. त्याहून चांगला धागा म्हणजे खेळाच्या व्हीलचेअर बनवणारे आणि दुरुस्त करणारे, त्यांचं रोजचं काम पातळ अ‍ॅल्युमिनियम ट्यूबचं टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आवरणात केलेलं बारीक वेल्डिंग) हेच असतं, ट्यूबची जाडी पण सायकलच्या जवळपास, आणि तुटली तर माणूस पडतो ही जाणीवही तीच. मला योग्य माणूस याच वाटेने मिळाला. मग रेसिंग गाड्या आणि मोटारसायकलींचं फॅब्रिकेशन करणारे, विमानांच्या दुरुस्तीत काम केलेले वेल्डर (कंपनी म्हणून ते सायकल घेणार नाहीत कदाचित, पण तिथून निवृत्त झालेला एखादा हात बसलेला माणूस सोन्यासारखा). अ‍ॅल्युमिनियम वेल्डरची पात्रता तपासणारं आयएसओ ९६०६-२ हे स्टॅंडर्ड आहे, ते असेल तर उत्तम, पण प्लेट जोडण्याची परीक्षा आणि एक-दीड मिमीची गोल ट्यूब यात फरक आहे हे लक्षात ठेवा.

एक उलटी युक्ती सांगतो, ती कोणी फारशी वापरत नाही. वेल्डर शोधण्याऐवजी आधी अ‍ॅल्युमिनियमची हीट ट्रीटमेंट करणाऱ्या कारखान्याला फोन करा आणि विचारा की तुमच्याकडे सायकलच्या फ्रेम कोण आणतं. जो आणत असेल तोच तुमचा माणूस, कारण वेल्डनंतर भट्टीपर्यंत जाणारा माणूस म्हणजे त्याला विषय कळलेला असतो. तसंच पावडर कोटिंग आणि अ‍ॅनोडायझिंग करणाऱ्यांना विचारा, दुरुस्त झालेल्या फ्रेम रंगायला त्यांच्याकडेच येतात, कोणाचं काम सुबक असतं हे त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसतं. आणि तुमच्याच मॉडेलच्या फ्रेम जमवणारे हौशी लोक असतात, त्यांना फक्त एवढं विचारा की दुरुस्तीनंतर ती फ्रेम किती वर्षं चालवली. नुसतं मस्त काम झालं एवढंच उत्तर आलं तर ते मोजू नका, वेल्ड पहिल्या दिवशी सगळेच छान दिसतात.

संपर्क करताना नुसतं, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम रिपेअर होईल का, एवढंच लिहिलं तर चांगला माणूस उत्तरच देत नाही, आणि त्याचं चूक नाही. मी शेवटी असा मेसेज लिहिला होता: "नमस्कार, माझ्याकडे ८० च्या दशकातली वेल्ड केलेली अ‍ॅल्युमिनियम रोड फ्रेम आहे, एक्सआरएफ तपासणीत जस्त आणि तांबं नगण्य, म्हणजे बहुधा ६०६१. सीट ट्यूबच्या खाचेखाली २२ मिमीचा तडा होता, तो आधी एकदा वेल्ड झालाय आणि आता शेजारी १४ मिमीचा नवीन तडा आहे. डाय पेनिट्रंटचे फोटो पट्टीसकट जोडलेत. सीटपोस्ट निघतो, रंग जपायची अट नाही. हे काम करण्यासारखं आहे का, नसेल तर तसं स्पष्ट सांगा." शेवटचं वाक्य जरूर लिहा, नाही म्हणायची मोकळीक दिली की लोक खरं बोलतात. फोटोत एक लांबून पूर्ण फ्रेमचा, एक मध्यम अंतराचा आणि एक पट्टी ठेवून अगदी जवळचा, एवढे पुरेत. आधीची दुरुस्ती, अपघात, यातलं काहीही लपवू नका.

उत्तर आलं की मग तुमचे प्रश्न. कोणता फिलर रॉड (वेल्डमध्ये वितळवून भरायची काडी) वापरणार आणि का, हे विचारा. ४०४३ (सिलिकॉनवाला) की ५३५६ (मॅग्नेशियमवाला) यावर त्याच्याकडे कारण हवं, ७००५ ला साधारण ५३५६ वापरतात, ६०६१ ला दोन्ही चालतात पण नंतर पूर्ण हीट ट्रीटमेंट करायची असेल तर ५३५६ योग्य नाही, तिथे सिलिकॉनवाला रॉड लागतो. ही चर्चा त्याने स्वतःहून सुरू केली तर निम्मी परीक्षा पास समजा. तडा नुसता भरून काढणार, की टोकांना बारीक भोक पाडून तडा पूर्ण कोरून काढून मग भरणार? ट्यूबच्या आतून आर्गॉन (वेल्डपासून हवा दूर ठेवणारा गॅस) सोडणार का? भट्टीतून काढून थंड केल्यावर फ्रेम वाकते, ती सरळ कधी करता? (एजिंगच्या आधी, धातू अजून मऊ असताना, हेच उत्तर हवं.) शेवटी अलाइनमेंट कशावर तपासता? आणि जमलं तर तेवढ्याच जाडीच्या ट्यूबवर केलेला एखादा वेल्ड कापून दाखवायला सांगा, चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, माझ्या माणसाने तर ड्रॉवरमधून तीन तुकडे काढून समोर ठेवले आणि एकात आतली बारीक भोकं दाखवून सांगितलं की हे तेल नीट न पुसल्यामुळे झालेलं आहे.

कोणी म्हणालं की आजच करून देतो, अ‍ॅलॉय काहीही असो फरक पडत नाही, किंवा गॅसच्या बर्नरवर वितळणारी ती स्वस्तातली अ‍ॅल्युमिनियम रिपेअर काडी दाखवली, तर फ्रेम उचला आणि निघा. ती काडी डबा-पत्र्याला ठीक, माणसाचं वजन पेलायला नाही.

चिकटवलेल्या फ्रेमसाठी माणूसच वेगळा. इथे कार्बन फ्रेम दुरुस्त करणारे जास्त उपयोगी, कारण इपॉक्सी आणि पृष्ठभागाची तयारी हाच त्यांचा धंदा. त्यांना विचारायचं ते एवढंच की जुना गोंद कसा काढणार, अ‍ॅल्युमिनियम घासल्यानंतर किती वेळात चिकटवणार (नवा ऑक्साइड लगेच धरायला लागतो, त्यामुळे उद्या सकाळी हे उत्तर बरोबर नाही), आणि फ्रेम सरळ धरून ठेवायला जिग आहे का. हेच लोक वेल्ड न करता ट्यूबच्या मधल्या भागातल्या तड्यावर कार्बनची पट्टी गुंडाळूनही देतात, ते चांगलं टिकू शकतं, मात्र कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना थेट लागले की ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं, म्हणून मध्ये काचतंतूचा थर हवाच. हे न विचारता सांगणारा माणूस निवडा.

फ्रेम देण्याआधी सगळं उतरवा, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या धुरीचं बेअरिंग), हेडसेटचे कप, सीटपोस्ट, केबलचे तुकडे, सगळं, आणि ट्यूबच्या आतलं तेल-ग्रीस काढा. मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा अक्ष बसतो त्या दोन खाचांमधलं) अंतर मोजून लिहून ठेवा, जुन्या सहा-सात स्पीडच्या रोड फ्रेमवर ते बहुतेक १२६ मिमी असतं. डिकॅल्सचे (फ्रेमवरच्या नावाच्या स्टिकरांचे) पट्टी ठेवून सरळ समोरून फोटो घ्या कारण ५३० अंशाच्या भट्टीतून रंग काही वाचत नाही. फ्रेम नंबरचाही फोटो हवा. आणि पहिला मालक तुम्हीच असाल तर कोणाचाही हात लागण्याआधी कंपनीकडे चौकशी करा, काही कंपन्यांनी त्या काळी पहिल्या मालकाला फ्रेमची आजीवन वॉरंटी दिली होती, बाहेर वेल्ड मारला की ती गेली.

काही फ्रेमना नाही म्हणावंच लागतं, आणि हे लिहिताना मलाही वाईट वाटतंय. हेड ट्यूब-डाउन ट्यूबच्या जोडाला तडा आणि ट्यूब पातळ, किंवा दोन-तीन वेगळ्या ठिकाणी तडे, म्हणजे ती फ्रेम सगळीकडूनच थकलेली आहे, एक जागा बुजवली तर दुसरी उघडेल. तिचे पार्ट दुसऱ्या फ्रेमवर चढवा, तिला भिंतीवर जागा द्या. याउलट ड्रॉपआउट, सीट क्लॅम्पची जागा, ब्रिज, इथे दुरुस्तीला बराच वाव असतो, तिथे लवकर हार मानू नका.

काम होऊन आल्यावर पैसे देण्याआधी स्वतः बघा. हेड ट्यूबवरून एक दोरा मागच्या दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत ताणा, सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का मोजा, मागचं अंतर आधीच्या नोंदीशी ताडून बघा. बॉटम ब्रॅकेटजवळ वेल्ड झाला असेल तर आट्यांवरून टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवून घ्यायला सांगा. कमी-जास्त निघालं तर घरी हाताने वाकवून जुळवू नका, स्टीलला चालतं ते इथे चालत नाही. रंग लगेच करू नका, निदान शंभर किलोमीटर उघड्या धातूवर, सपाट रस्त्यावर चालवा आणि मग परत डाय पेनिट्रंट मारा, या वेळी वेल्डवर कमी आणि वेल्डच्या दोन्ही बाजूंच्या एक-दोन सेंटीमीटरवर जास्त लक्ष ठेवा.

आणि तडा सीट ट्यूबच्या खाचेखाली असेल तर सीटपोस्ट बघा. माझा आखूड होता, टॉप ट्यूबच्या जोडापर्यंत पोचतच नव्हता, सगळा जोर त्या वरच्या दोन इंचांवर यायचा, मूळ तडा त्यामुळेच गेला होता हे मला कारागिराने सांगितलं तेव्हा कळलं. आता लांब पोस्ट घातलाय, जोडाच्या खाली पाच सेंटीमीटर जाईल एवढा, आणि दर महिन्याला तो काढून पुसून ग्रीस लावून परत घालतो, तेव्हाच ती जागा टॉर्चने बघून होते.